काळ्या रंगाचा इतिहास : सज्जनगडच्या शाईपासून इंकजेटच्या थेंबापर्यंत

१/ सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. असा पूर ओसरला की घराघरांतून ओले सामान बाहेर येते आणि त्यात फोटोंचे अल्बमही असतात. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसू शकते. पणजोबांचा सत्तर वर्षांपूर्वीचा कृष्णधवल फोटो फुगलेला, मळलेला असतो, पण चेहरा ओळखू येतो. त्याच फोटोची दहा वर्षांपूर्वी घरच्या प्रिंटरवर काढलेली प्रत मात्र निळ्या-जांभळ्या ओघळांत विरून गेलेली असते.

२/ दोन्ही चित्रे एकाच माणसाची, दोन्ही काळ्या-पांढऱ्यातली. मग एक टिकले आणि दुसरे का वाहून गेले? उत्तर एका साध्या प्रश्नात आहे : त्या चित्रातला काळा रंग नेमका कशाचा बनला होता? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधारे या प्रश्नाचा चारशे वर्षांचा इतिहास सांगता येतो. हा थ्रेड त्याविषयी.

३/ सुरुवात सज्जनगडापासून. गडावर समाधी असलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षराचे वळण, दोन ओळींतील अंतर, बोरू, शाई आणि कागद यांचा असा बारकाईने केलेला विचार वाचून आश्चर्य वाटते. त्यातल्या दोन अपेक्षा इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत काळेपणा सारखा असावा. दुसरी अशी की, पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर जाणार नाही.

४/ त्या काळची काळी शाई प्रामुख्याने काजळाची असे. दिव्यावर धरलेली काजळी डिंकाच्या पाण्यात खलून ती तयार होई. काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. उन्हाने तो उडत नाही, हवेशी त्याची सहजासहजी अभिक्रिया होत नाही आणि काळ लोटला म्हणून तो फिकट होत नाही. साताऱ्याच्या छत्रपतींचे दप्तर आज पुणे पुराभिलेखागारात आहे. अशा जुन्या मोडी दप्तरांत कागद पिवळा पडलेला, कसरीने खाल्लेला आढळतो. पण काजळाच्या शाईची अक्षरे काळीभोर असतात. आधी कागद थकतो, काळा रंग नाही.

५/ पुढे छायाचित्रण आले आणि काळा रंग बदलला. इथे एक कालक्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साताऱ्याचे राज्य डलहौसीने १८४८ मध्ये खालसा केले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. साताऱ्याची गादी कॅमेरा रुळण्यापूर्वीच संपली, म्हणून तो दरबार आपल्याला भेटतो तो चित्रांतून. सांगलीचे पटवर्धन संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले आणि छायाचित्रणाचे जवळजवळ एक शतक त्याच्या वाट्याला आले.

६/ फोटोतला काळा रंग शाईचा नसतो. तो चांदीचा असतो. १८८० च्या दशकापासून प्रचारात आलेल्या जिलेटिनच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असे. निगेटिव्हमधून त्यावर प्रकाश पडला आणि कागद डेव्हलपरमध्ये बुडवला की क्षारांचे रूपांतर सूक्ष्म धातुकणांत होई. डोळ्यांना चमकदार वाटणारी चांदी इतक्या बारीक कणांत काळी दिसते. मग हायपोत बुडवून उरलेले क्षार काढायचे आणि वाहत्या पाण्यात कागद बराच वेळ धुवायचा. ‘फोटो धुवायला टाकले’ हा मराठी वाक्प्रचार यातूनच आला.

७/ पुरात पणजोबांचा फोटो वाचतो तो यामुळेच. त्यातले चांदीचे कण पाण्यात विरघळत नाहीत. ते जिलेटिनच्या थरात अडकलेले असतात आणि हा कागद मुळातच पाण्यात बुडवून तयार झालेला असतो. पण चांदी अमर नाही. धुलाई अपुरी झाली आणि हायपो मागे राहिला, तर फोटो पिवळा-तपकिरी पडतो. दमट हवेत चांदीचे कण पृष्ठभागावर सरकतात आणि गडद भागांवर आरशासारखी निळसर झाक चढते. जुने कौटुंबिक फोटो तिरके धरून पाहिले की ही झाक स्पष्ट दिसते.

८/ चांदीचा हा दोष छायाचित्रकारांना फार लवकर कळला होता. फ्रान्समध्ये आल्फोन्स प्वाटव्हँ यांनी १८५५ मध्ये, तर इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी १८६४ मध्ये ‘कार्बन प्रिंट’च्या पद्धतींचे पेटंट घेतले. यात जिलेटिनमध्ये काजळ मिसळलेले असे. जिथे प्रकाश पडेल तिथले जिलेटिन कठीण होऊन राही, बाकीचे कोमट पाण्यात निघून जाई. म्हणजे छायाचित्राला टिकाऊपणा हवा होता, तेव्हा ते पुन्हा काजळाकडे वळले. ही पद्धत कष्टाची आणि महाग होती, त्यामुळे बाजार चांदीकडेच राहिला.

९/ तिसरा काळा रंग छापखान्यातला. छापखान्याच्या शाईत राखाडी रंग नसतो; काळा असतो किंवा कागदाचा पांढरा. मग फोटोतल्या करड्या छटा छापायच्या कशा? १८८२ मध्ये जर्मनीत मायझेनबाख यांनी हाफटोनचे पेटंट घेतले. जाळीच्या मदतीने चित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करायचे. गडद भागात ठिपके मोठे, उजळ भागात लहान. दुरून पाहणारा डोळा ठिपके आणि पांढरी जागा एकत्र करतो आणि त्याला करडा रंग दिसतो.

१०/ या हाफटोनने साताऱ्यात इतिहास घडवला. दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी साताऱ्यात राहून ऐतिहासिक कागदपत्रे आणि चित्रे यांचा प्रचंड संग्रह केला. १९०८ पासून त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक चालवले. त्यांची साताऱ्यावरची (१९०९), महाबळेश्वरवरची (१९१६) आणि सांगली संस्थानावरची (१९१७) इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध झाली. राजवाड्याच्या कपाटातले चित्र पाहण्याची संधी ज्यांना कधीच मिळाली नसती, त्यांच्या हातात ते ठिपक्यांच्या रूपाने पोहोचू लागले.

११/ पारसनीसांचा संग्रह पुढे साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. वस्तू हलल्या, पण छापलेल्या प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत राहिल्या. प्रत ही मूळ वस्तूची जागा घेत नाही. तरीही मूळ वस्तू दूर गेली, हरवली किंवा जळाली तर इतिहासाला प्रतीचाच आधार उरतो. म्हणून प्रत किती चांगली आणि किती टिकाऊ, हा प्रश्न केवळ हौशी छायाचित्रकारांचा नाही. तो इतिहासाच्या साधनांचाही आहे.

१२/ याच काळात जवळच्या औंध संस्थानात चित्रकलेला थेट राजाश्रय होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. औंधचे भवानी संग्रहालय त्यांच्याच आवडीचे फळ. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून गाजलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही मूळचे चित्रकार. औंधला येऊन राहण्यापूर्वी लाहोरमध्ये त्यांचा चित्रकला आणि छायाचित्रणाचा स्टुडिओ होता.

१३/ आणि याच औंध संस्थानच्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक ओळखू येत नाही. रंगचित्रण सुटले, पण रेखांकन हाती राहिले आणि त्याच वाटेने ते यंत्रांकडे वळले. मराठी उद्योगाचा एक मोठा अध्याय असा रंग वजा करून सुरू झाला.

१४/ १९२० मध्ये या वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याच्या जोडीला आले. संपादक शंकरराव किर्लोस्कर हेही चित्रकार आणि व्यंगचित्रकार. नांगर बनवणाऱ्या वसाहतीतून निघालेली ही सचित्र मासिके महाराष्ट्रभर वाचली गेली. एका पिढीच्या डोळ्यांना कृष्णधवल चित्राची सवय लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

१५/ स्वातंत्र्यानंतर चांदीच्या फोटोचा प्रश्न देशी कच्च्या मालाचा झाला. १९६० मध्ये उटी येथे सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९६७ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. ‘इंदू’ या नावाची तिची कृष्णधवल फिल्म आणि फोटोचा कागद देशभर वापरला जाई. आधी रंगीत फिल्म आणि मग डिजिटल कॅमेरा आल्यावर मागणी आटली. कंपनी आजारी पडली आणि अखेर बंद झाली. ज्या कागदावर दोन पिढ्यांचे चेहरे उमटले, तो कागदच बाजारातून गेला. डार्करूमच्या खोल्यांत आता संगणक आले.

१६/ इथे इंकजेटचा प्रवेश होतो. त्याचे मूळ मात्र बरेच जुने आहे. १८६७ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी समुद्राखालच्या तारेचे संदेश नोंदवण्यासाठी बारीक काचनळीतून शाई सोडणारे यंत्र केले. १९५१ मध्ये स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट यांनी वैद्यकीय आलेख काढण्यासाठी शाईच्या फवाऱ्याचे पेटंट मिळवले. रुग्णाच्या शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर बनवणारे ते हेच. टेबलावर मावणारे इंकजेट प्रिंटर १९८० च्या दशकात आले आणि १९९४ च्या सुमारास रंगीत फोटो छापण्याइतके सूक्ष्म झाले.

१७/ इंकजेटला कलादालनात नेले ते एका हरवलेल्या फोटोसंचाने. गायक ग्रॅहम नॅश यांना आपल्या कृष्णधवल छायाचित्रांचे प्रदर्शन भरवायचे होते, पण निगेटिव्ह हरवल्या होत्या. हाती उरले होते ते लहान नमुना-ठसे. ते स्कॅन करून ‘आयरिस’ नावाच्या मोठ्या इंकजेट यंत्रावर छापले गेले. १९९१ मध्ये नॅश यांनी कॅलिफोर्नियात याच कामाची छपाईशाळा काढली. साताऱ्या-सांगलीतल्या कित्येक कुटुंबांची स्थिती हीच आहे. निगेटिव्ह केव्हाच गेली. हाती आहे तो एकच जुना ठसा.

१८/ पण रंगीत प्रिंटरवर कृष्णधवल फोटो छापणे वाटते तितके सोपे नाही. साधा प्रिंटर करडी छटा निळसर, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून बनवतो. प्रमाण किंचित चुकले की चेहऱ्यावर हिरवी किंवा गुलाबी झाक येते. शिवाय दिवसाच्या उजेडात तटस्थ दिसणारा ठसा ट्यूबलाइटखाली वेगळा दिसू शकतो. फक्त काळी शाई वापरावी, तर उजळ भागात तिचे सुटे ठिपके डोळ्यांना टोचतात आणि कपाळावर मिरी भुरभुरल्यासारखे दिसते. हाफटोनचीच ही जुनी अडचण नव्या रूपात परत आली.

१९/ दुसरी अडचण टिकाऊपणाची. सुरुवातीच्या बहुतेक फोटो-प्रिंटरांची शाई रंजकद्रव्य पाण्यात विरघळवून केलेली असे आणि स्वस्त प्रिंटरांत आजही ती असते. अशी शाई चमकदार दिसते, पण ऊन, हवेतला ओझोन आणि पाणी हे तिचे तीन शत्रू. २००० च्या सुमारास बाजारात आलेले काही नवे फोटो-ठसे उघड्या हवेत काही आठवड्यांतच नारिंगी पडू लागले, तेव्हा हा दोष जगभर चर्चेत आला. पुराच्या पाण्यात ओघळून जाते ती हीच शाई.

२०/ उपाय दोन बाजूंनी आला. एक म्हणजे विरघळणाऱ्या रंजकाऐवजी द्रवात तरंगणारे घन रंगकण, म्हणजेच पिगमेंट शाई. दुसरा म्हणजे एकाच काळ्याऐवजी काळ्याच्या अनेक पायऱ्या. २००० मध्ये अमेरिकेतल्या जॉन कोन यांनी केवळ काळ्या-करड्या शायांवर चालणारी छपाईपद्धत बाजारात आणली. २००५ मध्ये एप्सनने काळी, फिकी काळी आणि अतिफिकी काळी अशा तीन शाया एकाच यंत्रात दिल्या. आता उजळ गालावर विरळ काळे ठिपके टाकावे लागत नाहीत. तिथे फिक्या शाईचे दाट ठिपके पडतात. एका थेंबाचे आकारमान तीन-चार पिकोलिटर, म्हणजे एका लिटरच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या तिप्पट-चौपट.

२१/ आणि या काळ्या पिगमेंट शाईतले रंगकण कशाचे? कार्बनचे. दिव्यावर धरलेल्या काजळीचाच कारखान्यात बनलेला, कितीतरी बारीक केलेला अवतार. काजळ पातळ केले की त्याची छटा किंचित उबदार, तपकिरीकडे झुकणारी दिसते. म्हणून अनेक करड्या शायांत ती तटस्थ करण्यासाठी थोडा दुसरा रंगही मिसळतात. सज्जनगडाच्या पायथ्याशी सुरू झालेली गोष्ट चांदीच्या शतकाला वळसा घालून पुन्हा काजळापाशी आली.

२२/ अर्धे काम शाईचे, अर्धे कागदाचे. मराठी दप्तरखान्यात जुन्नरी आणि दौलताबादी कागद नावाजलेले होते. असे हातकागद चिंध्या आणि तागाच्या धाग्यांचे असत. म्हणून ते आजही हाताळता येतात. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद त्यामानाने लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो. इंकजेटसाठीही उत्तम कागद कापसाच्या धाग्याचा आणि आम्लमुक्त असतो. फार पांढऱ्याशुभ्र कागदात बहुधा चमक आणणारी रसायने असतात. काही वर्षांत ती निकामी होतात आणि कागदाचा मूळ पिवळसर रंग उघडा पडतो.

२३/ ‘खोल काळा’ मोजताही येतो. घनता २ म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा भागच परत येतो. चकचकीत चांदीच्या कागदावर ती साधारण २.१ पर्यंत जाते, मॅट कापडी कागदावरच्या इंकजेटला १.६ ते १.७ मिळते आणि चकचकीत कागदावर पिगमेंट शाई चांदीची बरोबरी करते. मॅट कागदाला वेगळी आणि चकचकीत कागदाला वेगळी काळी शाई असते ती यामुळे. चुकीची जोडी केली की काळा कोट राखाडी दिसतो किंवा शाई पुसली जाते.

२४/ जुन्या फोटोची प्रत काढताना या सगळ्या इतिहासाचा उपयोग होतो. दोन-तीन इंचांचा फोटो मोठा करायचा असेल, तर तो १२०० पीपीआयवर, १६ बिटांत आणि कडांसकट स्कॅन करावा. कडेला स्टुडिओचा शिक्का असतो आणि मागे तारीख असते. तोही पुरावाच आहे. पुस्तकातल्या हाफटोन चित्राचे ठिपके प्रिंटरच्या ठिपक्यांशी भांडतात आणि नक्षीसारखे पट्टे उमटतात. ते आधी सॉफ्टवेअरने मऊ करावे लागतात. ठशाभोवती पांढरी समासपट्टी सोडावी. कारण साडेतीनशे वर्षांपूर्वीचेच : कागद झडला तरी चित्र वाचावे.

२५/ पुरात भिजलेल्या चांदीच्या फोटोंचे काय? ते एकमेकांवर रचून वाळू देऊ नयेत. जिलेटिन चिकटते आणि मग फोटो वेगळे होत नाहीत. स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करावेत, चित्राच्या बाजूला बोट लावू नये आणि सावलीत, चित्र वर ठेवून वाळवावेत. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून गोठवून ठेवता येतात. शाईच्या प्रती मात्र पाण्यात मुळीच घालू नयेत. त्या आहेत तशाच वाळवाव्यात.

२६/ आणि सर्वांत महत्त्वाचे. सुंदर नवी प्रत हाती आली की जुना, डागाळलेला फोटो टाकून दिला जातो. तिथे इतिहासाचे खरे नुकसान होते. नव्या प्रतीत चेहरा असतो. पण जुन्या कागदाचा पोत, मागचा मजकूर, स्टुडिओचा शिक्का, चांदीची ती निळसर झाक यांतला काळ नव्या प्रतीत येत नाही. नवी प्रत हा आजचा दस्तऐवज आहे. तिच्यामागे मऊ पेन्सिलीने मूळ फोटो कोणाकडे आहे, प्रत कधी आणि कोणत्या शाईने काढली एवढे लिहून ठेवावे.

२७/ पारसनीसांनी दप्तरे गोळा केली तेव्हा काजळाची अक्षरे त्यांची वाट पाहत थांबली होती. आजपासून शंभर वर्षांनी कोणी सांगलीच्या एखाद्या घरातली पेटी उघडील, तेव्हा तिच्यात चेहरे असतील की निळे ओघळ, हे आज कार्ट्रिजमध्ये कोणती शाई आहे आणि मूळ फोटो कुठे ठेवला आहे यावर ठरणार आहे. समर्थांनी मागितलेला शेवटपर्यंत सारखा काळेपणा आता सहज शक्य आहे. तो निवडावा मात्र लागतो.

(समाप्त)